पूजेतला दोर

डोंगरात मुक्कामाला जाताना काय न्यावं, असं नातवंडं विचारतात. बॅटरी, काडेपेटी, घोंगडी, असं मी सांगतो. दोराचं नाव आलं की गप्प होतो. का, ते आता लिहून ठेवतो.

नव्वदनंतरच्या वर्षांत मी घाटघरच्या शाळेत मास्तर होतो. नाणेघाटात पोरं वाट चुकायची, अडकायची. म्हणून शाळेच्या कोपऱ्यात कंदील, कोयता, दोन बॅटऱ्या आणि एक लांब दोर कायम तयार असे. दोर माझ्या मेंढपाळ मित्रानं घायपाताच्या पानांतून काढलेल्या वाखाचा वळलेला. ओला झाला तरी हातातून सटकत नसे. दोन पावसाळ्यांत त्या दोरानं चार माणसं वर आणली होती. आसपासच्या वाड्यांतून मित्राकडे दोर वळून मागायला लोक येत.

त्या खंडेनवमीला मी हे सगळं सामान पाटावर मांडून पूजा केली. पूजेतली हत्यारं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नसतात. दुपारी एक तरुण धापा टाकत आला. त्याचा सोबती कड्यावरून घसरून खालच्या कपारीत अडकला होता. तू पुढं हो, दोर घेऊन आलोच, असं मी त्याला म्हणालो. पण झेंडूची फुलं वाहिलेल्या त्या वेटोळ्याला हात लावायचं धाडस होईना. वाडीत गेलो, घरोघरची दावी गोळा करून एकमेकांना बांधली. त्यात तास गेला. कड्यावर पोहोचलो तेव्हा खालून हाक येणं थांबलं होतं.

पोलिसांनी उशिराचं कारण विचारलं. शाळेतला दोर कुजला होता, असं मी सांगितलं. संध्याकाळी तो चांगला दोर चुलीत घातला.

मित्र मेंढरं घेऊन देशावर गेला होता. परतल्यावर शाळेत आला.

"कुठं कुजला त्ये तरी दाखवा, गुरुजी."

जाळला, म्हणालो. तो स्वतःच्या तळहातांकडे बघत बसला. त्यानंतर त्यानं दोर वळला नाही. लोकही जुन्नरच्या बाजारातून नायलॉनचे आणू लागले.

पुढं दहाएक वर्षांनी तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं. खरं सांगायचंच, असं ठरवून गेलो. मी बसतो न बसतो तोच त्यानं माझा हात धरला.

"माज्या दोरापाई तुमाला पोलिसांम्होरं उभं ऱ्हावं लागलं. लई वाईट झालं, गुरुजी. वाख नीट वाळला नसंल. माफी करा."

"असू दे," मी म्हणालो. त्याच्या सुनेनं दिलेला चहा प्यायलो आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून उठलो.