पेरियवरला काढा

आमच्या घरात रग्बी आली ती केबलवाल्याच्या चुकीने. अप्पांनी मागितला होता क्रिकेटचा चॅनल. त्याने तार जोडली, आणि शनिवारी सकाळी आठ वाजता पडद्यावर धिप्पाड माणसं एका नारळासाठी एकमेकांच्या अंगावर पडताना दिसू लागली. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि एवढ्यांना मिळून एकच नारळ का दिला, असं विचारलं. अप्पांनी मात्र केबलवाल्याला परत बोलावलं नाही.

ते नुकतेच पाटबंधारे खात्याच्या तंजावूर कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. कोणाला बढती, कोणाची बदली, यावर आयुष्यभर कागद लिहिलेला माणूस. घरात उरलो होतो आई आणि मी, आणि आमची बदली करण्याची सोय नव्हती. त्यांना एक कचेरी हवी होती, ती टीव्हीत सापडली.

संघ त्यांनी निवडला तो दक्षिण समुद्रातल्या एका लहानशा बेटाचा. त्या देशाचं नाव त्यांना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, म्हणून ते त्याला ‘आपली टीम’ म्हणत. कारण विचारलं तर म्हणाले, मूठभर लोक आहेत, जगाला पत्ता नाही, तरी सामन्याआधी छाती पिटून आपल्या भाषेत ओरडतात. तीनशे वर्षं तमिळ मुलखात मराठी बोलत आलेल्या घरातल्या माणसाला तिथे सोयरे दिसले, याचं मला नवल वाटलं नाही. फरक एवढाच की आम्ही ओरडत नाही. आम्ही बसमध्येसुद्धा मराठी हळू बोलतो.

खेळाचे नियम त्यांना आठवड्यात समजले. धावायचं पुढे, पण चेंडू हाताने द्यायचा तो मागच्याला, हे ऐकून मी गोंधळले. अप्पांना त्यात काहीच चमत्कारिक वाटलं नाही. फाइल पुढे न्यायची तर ती आधी मागच्या टेबलावर जावी लागते, हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. खेळाडूंना त्यांनी आपल्या सोयीची नावं दिली. पुढच्या रांगेतला जाडजूड गडी ‘ग्राइंडर’, सगळ्यात उंच तो ‘नारळाचं झाड’, आणि गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा म्हातारा कप्तान ‘पेरियवर’. तमिळमध्ये घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. प्रत्येकाची एकेक फाइल होती, सुतळी बांधलेली.

मग आपली टीम हरू लागली. एकदा नाही, ओळीने पाच वेळा. टीव्हीवरचा समालोचक म्हणाला, संघ रिबिल्डिंगमध्ये आहे. हा शब्द अप्पांना इतका आवडला की त्या महिन्यात आमच्या घराची मोरी, आईचा सांबार मसाला आणि देशाचं सरकार, सगळ्यांचंच रिबिल्डिंग त्यांनी सुचवून पाहिलं. आईने मसाल्याला हात लावू दिला नाही.

टीमच्या बाबतीत त्यांचं निदान पक्कं होतं. पेरियवरला काढा. गुडघा गेला, दम गेला, आता काय मान जायची वाट पाहायची? आमच्या घरच्या मराठीत ते म्हणत, “अस्के म्हातारे ठेवून घेतले तर पोरांनी खेळावं कोठे?” अस्के म्हणजे सगळे. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी हा शब्द ऐकून आम्हाला जुन्या पोथीतले लोक ठरवलं होतं.

शेवटी अप्पांनी त्या देशाच्या निवड समितीला पत्र लिहायचं ठरवलं. मी कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट, त्यामुळे पत्र माझ्याच बोटांतून जाणार होतं. कचेरीचं इंग्रजी, वर विषय, खाली संदर्भ, मध्ये सात मुद्दे. शेवटचा मुद्दा असा होता: ‘जाणारा माणूस आपणहून जात नाही. त्याला घरच्या कोणीतरी सांगावे, म्हणजे बाहेरच्यांना सांगावे लागत नाही.’ पोस्टातल्या बाईंनी तिकीट किती लावायचं ते शोधायला दोन पुस्तकं उघडली.

उत्तर आलं नाही. पण दोन महिन्यांनी पेरियवरला खरंच वगळलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि अप्पा आठवडाभर फांदी आपणच मोडल्याच्या थाटात गल्लीत हिंडले.

आता आमच्या भजनी मंडळीबद्दल सांगायला हवं. मठात रामनवमीच्या उत्सवात शेवटच्या दिवशी पालखीपुढे भजन होतं. पहिला अभंग उचलायचा मान अप्पांचा, बावीस वर्षं. निम्म्या मंडळीला देवनागरी येत नाही, त्यामुळे मराठी अभंग तमिळ लिपीत लिहून घेतलेले. अप्पांना वही लागत नसे. पण तीन वर्षांपासून वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटत होता. लोक त्या जागी जोरात झांजा वाजवत आणि वेळ मारून नेत. अप्पांना वाटे, उत्साह वाढतो आहे.

आमच्या मंडळीत कोणी कोणाला ‘आता तुम्ही थांबा’ असं म्हणत नाही. त्याची रीत वेगळी आहे. मुख्य गाणाऱ्याच्या घरी पितळी झांजांची मोठी जोडी असते. वेळ आली की त्याच्याच घरचं माणूस ती जोडी नेऊन नव्या गाणाऱ्यापुढे ठेवतं. परक्याने तिला हात लावायचा नाही. अप्पांकडे ती त्यांच्या मामांच्या घरातून अशीच आली होती.

अप्पा लग्नासाठी पापनाशमला गेलेले पाहून मंडळीचे अध्यक्ष दोन सभासदांना घेऊन आमच्याकडे आले. तिघांनी उप्पुमा खाल्ला, कॉफी प्यायली, पुन्हा कॉफी प्यायली, कावेरीला पाणी केव्हा सुटेल यावर चर्चा केली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला आलेले उंदीर आधी दूध पिऊन घेत होते. उठता उठता अध्यक्ष चपलांकडे पाहून म्हणाले, “अम्मा, यंदा झांजा तुमच्या घरातून निघाव्यात.” नवा गाणारा बँकेतला मुलगा होता. मराठी त्याला समजते, बोलता येत नाही, पण आवाज खणखणीत.

आईने मला सांगितलं, मला जमणार नाही, तूच सांग. मी पंधरा दिवस टाळलं. मला भीती अपमानाची नव्हती. अप्पा भांडले असते तर मी निभावलं असतं. ते ‘सरि’, म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणून गप्प बसले तर काय करायचं, ते मला कळत नव्हतं.

उत्सवाच्या आदल्या शनिवारी सामना होता. नवा कप्तान पोरसवदा, टीम जिंकत होती, आणि कॅमेरा मधेच प्रेक्षकांत गेला. पेरियवर कोट घालून बसला होता. त्याचे ओठ हलत होते. मैदानावर कोणी कुठे धावायचं, ते तो तिथे बसून सांगत होता आणि कोणाला ऐकू जात नव्हतं. अप्पा टाळ्या वाजवता वाजवता थांबले.

आईने पानं वाढली होती. मी म्हटलं, “अप्पा, झांजा द्यायच्या आहेत.”

त्यांनी टीव्ही बंद केला. मग विचारलं, “त्या पत्राची कॉपी आहे काय तुजकडे?”

मी कार्बनची प्रत आणून दिली. त्यांनी सातवा मुद्दा बोटाने वाचला, दोनदा. म्हणाले, “बरोबर लिहिलंय.” आणि भूक नाही म्हणून आत गेले. माझ्या आठवणीत अप्पा जेवायचे राहिले ते तेवढ्या एका दिवशी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं मी त्यांच्याबद्दल मनात कितीदा म्हटलं होतं. त्या दुपारी त्यांचं झाकलेलं पान पाहून मला ते म्हणावंसं वाटलं नाही. मला रडू आलं.

झांजांना चिंचेने घासून, नवी दोरी ओवून, पंच्यात गुंडाळून त्यांनी त्या स्वतःच माझ्या हातात दिल्या. मी नेऊन त्या मुलापुढे ठेवल्या. अप्पा मागच्या रांगेत बसले. मुलाने अभंग उचलला, वरचा सूर सरळ लागला, आणि कोणालाच झांजा जोरात वाजवाव्या लागल्या नाहीत. मी मागे वळून पाहिलं. अप्पांचे ओठ हलत होते.

दोन दिवसांनी त्यांनी मला टाइपरायटरपुढे बसवलं. पत्ता तोच, त्या बेटाची निवड समिती. वर विषय, खाली मागच्या पत्राचा संदर्भ. या वेळी मुद्दा एकच होता. त्यांनी तो सावकाश सांगितला आणि मी टाइप केला: ‘सदर कप्तानास ही गोष्ट घरच्यांपैकी कोणी सांगितली, आणि त्या दिवशी तो जेवला काय, हे कृपया कळवावे.’