कारण काय लिहू?

माझी सही फार देखणी होती. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानांवर गिरवून गिरवून मी ती तयार केली होती. शेवटच्या अक्षराचं शेपूट मागं वळून पहिल्या अक्षराला धरायचं आणि खाली दोन टिंबं. अशी सही हाताशी असली की माणूस ती करायला निमित्तच शोधत असतो. त्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या सहकारी दूध संघाच्या शीतकेंद्रात एक कागद फिरत फिरत आला. वरचा मजकूर घडीत गेलेला, खाली सह्यांची जागा. सुपरवायझर म्हणाला, सगळे करतायत, तुम्हीही करा. चार दिवस केंद्रात हात धुवायला पाणी नव्हतं, तेव्हा टँकरचा अर्ज असेल, असं मी धरून चाललो. दोन नंबरला सही ठोकली. शेपटासकट. तिसऱ्या माणसाला जागा पुरेना, त्याला खाली सरकावं लागलं.

आठवड्यानं आमचा टेस्टर माझ्या टेबलापाशी आला. गावोगावच्या दुधाची फॅट काढायचं काम त्याचं. सात वर्षं तो ते करत होता, आणि त्याच्या आकड्यावर भांडखोर शेतकरीसुद्धा वाद घालत नसे. त्याच्या हातात नोटीस होती. वर्तनाबद्दल तक्रार आली आहे, सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा करावा. मी केंद्राचा कारकून. गावातले निम्मे अर्ज माझ्या हातचे. त्यासाठीच हा आला असणार, म्हणून मी ऐटीत पेनाचं टोपण काढलं आणि नोटिशीला जोडलेली तक्रारीची झेरॉक्स उलटली. सदर इसम लग्न न करता एका पुरुषाबरोबर नवराबायकोसारखा राहतो, त्याच्या हातून दूध तपासून घेण्याची किळस वाटते, त्यास काढावे. आणि खाली, दोन नंबरला, माझं शेपूट.

मी घसा खाकरून म्हणालो, मी हे वाचलं नव्हतं.

"ते दिसलंच की, भाऊसाहेब," तो म्हणाला. "वाचून येवढी झोकात सही कोन करतंय? लिवा आता खुलासा."

तक्रारीतली एक गोष्ट खरी होती. नळदुर्गच्या रस्त्यावर पंक्चर काढणारा एक माणूस होता, आणि हे दोघं सहा वर्षं एका खोलीत संसार करत होते. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं. समलिंगी हा शब्द मी फार पुढं वर्तमानपत्रात वाचला. तेव्हा आमच्याकडं त्यासाठी शब्द नव्हता, फक्त हसणं होतं. सहा वर्षं सगळे हसले आणि गप्प बसले. पण त्या साली चारा संपला, जनावरं विकली गेली, दुधाचे कॅन अर्धे यायला लागले. एक माणूस कमी करा, असा हुकूम वरून आला. नियमानं शेवटी लागलेला आधी जायला हवा. पण लोकांनी नियम बघितला नाही. ज्याच्या बाजूनं कुणी बोलणार नाही, असा माणूस बघितला.

त्याचा चहाचा कप महिनाभर खिडकीत वेगळा ठेवला जात होता. मी तो रोज बघत होतो. त्याला सर्दी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तेर गावाकडच्या आमच्या खेड्यात हॉटेलाबाहेर खिळ्याला एक कप टांगलेला असायचा. माझे वडील त्यातून चहा पीत, आणि पिऊन झाल्यावर तो स्वतःच विसळून परत टांगत. धम्म घेतल्यावर त्यांनी त्या हॉटेलाची पायरीच सोडली. त्यांचा शिकलेला मुलगा मात्र खिडकीतल्या कपासमोर बसून स्वतःचा चहा फुंकत होता. हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती आग आधी मलाच पोळते.

मी खुलासा लिहिला. पहिला मसुदा भलताच रडका झाला. आम्ही केवळ मित्र आहोत, खोलीभाडं परवडत नाही, वगैरे. त्यानं वाचून कागद परत दिला.

"हे खोटं हाय. खोटं लिवून ऱ्हायलेली नोकरी मला नगं. कामाचं इचारा त्यांला."

मग आम्ही तीन ओळी लिहिल्या. सात वर्षांत माझ्या कोणत्या नोंदीबद्दल, कोणत्या शेतकऱ्याची तक्रार आहे ती दाखवावी. मी कुणाबरोबर राहावं, याबद्दल संघाचा नियम असल्यास तोही दाखवावा. त्याबरोबर मी सही मागं घेत असल्याचा माझा अर्ज दिला. आवकचा शिक्का माझ्याकडंच असल्यानं तो लगेच दाखल झाला. मग मी बाकीच्यांकडं गेलो. चौघांनी न वाचता सही केली होती, त्यांनी ती मागं घेतली. दोघं म्हणाले, आम्ही वाचूनच केलीय. मी संतापलो, पण माझ्यापेक्षा ते वाचक तरी बरे होते.

खुलाशावर संचालकांची मीटिंग भरली. तिचं प्रोसिडिंग मीच लिहायचो. चेअरमननी सांगायला सुरुवात केली, टेस्टरला वर्तनामुळं कमी करण्यात येत आहे.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"सांगितलं की. वर्तन."

"कसलं वर्तन?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे, साहेब. वहीला ठाऊक नाही. आणि सूचक कोण, अनुमोदक कोण? दोन्ही नावं लागतात."

खोलीतले सगळे छताच्या पंख्याकडं बघायला लागले. वीज नव्हती, पंखा बंद होता, तरी बघत होते. किळस वाटते म्हणणारे, कप वेगळा ठेवा म्हणणारे इतके जण, पण त्या वाक्याखाली नाव द्यायला एकही तयार होईना. वही जिल्ह्याला तपासणीला जाते, हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी चेअरमन चिडले. म्हणाले, "तुमच्या लोकांना आम्ही नोकरीत घेतलं, त्याची तरी जाण ठेवा."

पेन वहीवर टेकवून मी म्हणालो, "हे वाक्यही लिहून घेऊ का?"

 मग ठराव झाला की टेस्टरच्या कामाबद्दल तक्रार नाही, सबब नोटीस मागं घ्यावी. आणि नोकरकपात नियमाप्रमाणं करावी.

शेवटी लागलेला मीच होतो. तीन वर्षं झालेली. दूध वाढेपर्यंत मला घरी बसवण्याचा ठराव मीच माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला. त्याला सूचक आणि अनुमोदक ताबडतोब मिळाले.

घरी येऊन मी सगळं बायकोला सांगितलं. थोडं फुगवूनच सांगितलं असणार. ती ज्वारी निवडत होती. नोकरीवरून ती काही बोलेल, म्हणून मी तयारीत होतो.

"केलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पर तीन वर्सांत तुमचा समदा स्टाफ आपल्याकडं बायकापोरांसंगं जेवून गेला. त्याला कवा बोलावलं?"

मी म्हणालो, दिवाळीला बोलावलं होतं की.

"एकट्याला. म्हून आला न्हाय त्यो. ऐतवारी दोघांला या म्हना. आन आता घरीच हाय तुमी, तर येवढी ज्वारी दळून आना."