टीव्हीपासून दहा फूट

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मुलगी तिसरीत होती. नागपुरात टीव्ही नवा होता आणि त्यातून निघणाऱ्या किरणांची भीती त्याहून नवी. सुरक्षित अंतर किती, हे मी तिघांना विचारले. शेजाऱ्याने आठ फूट सांगितले, ऑफिसातल्या साहेबांनी दहा, दुकानदाराने सहा. सरासरी आठ. त्यात खबरदारीचे दोन मी मिळवले. सरकारलाही पत्र लिहिले. अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवल्याचे उत्तर आले.

बैठकीची खोली साडेतेरा फुटांची. टीव्हीच्या स्टुलाला दीड फूट गेला. मी टेप लावून दहा फुटांवर खडूची रेघ ओढली. रविवारच्या सिनेमाला येणाऱ्यांसाठी उरले दोन फूट.

"भाऊजी, सिनेमा पाहाले आलो आम्ही, भिंतीले टेकू द्याले नाही," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "अन् तुमची खुर्ची काहून रेघेच्या आत?"

"लक्ष ठेवावं लागते," मी म्हणालो. ते मला तेव्हा पटलेही होते.

मुलगी मात्र सारखी पुढे सरकायची. मी दर वेळी तिला मागे ओढायचो. मग तिचे डोके दुखू लागले. माझी खात्रीच पटली. टीव्हीवर चादर टाकली आणि पंधरा दिवस दुखण्याची वहीत नोंद ठेवली. बारा दिवस डोके दुखले, टीव्ही बंद असूनही.

"वही बाजूले ठेवा अन् पोरीले डॉक्टरकडे न्या," बायको म्हणाली. "महिनाभर सांगून राहिली मी."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला विचारले, "फळा दिसतो का गं?"

"नाही. बाकावरच्या शेजारणीच्या वहीतून उतरवते."

हे मी तिला कधी विचारलेच नव्हते. मी डॉक्टरांना किरणांविषयी विचारले.

"किरणांचं राहू द्या," ते म्हणाले. "तिले दिसत नाही म्हणून ती पुढे जाते. तुम्ही मागे ओढून काय करून राहिले?"

चार दिवसांनी बर्डीच्या बाजारातल्या दुकानात चष्मा मिळाला. रस्त्यावर येताच ती समोरच्या पाट्या मोठ्याने वाचू लागली, अगदी वरच्या मजल्यावरच्या वकिलाचीसुद्धा. मग तिने मान वर करून बराच वेळ माझ्याकडे पाहिले.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या कानात केस आहेत."