दोनदा तळलेले भजे

जऊळका स्टेशनावरच्या भज्याच्या दुकानात मी कामाला राहिले; आधी कपबशा विसळल्या, मग बेसन कालवलं, मग कढईवर बसले. नवरा गेल्यावर किन्हीराजाला दिराच्या घरी मुलगी ठेवून आले होते. दीर तिचं लग्न ठरवायला निघाला होता आणि ती अजून चौथीत होती. दुकान चालवणाऱ्याला मागची खोली मिळे. ती मिळाली की मुलीला घेऊन यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

जुना दुकानदार सोडून गेला. स्टेशनावरची दुकानं चालवायला देणाऱ्या ठेकेदाराला मी म्हणाले, "दुकान मले द्या."

"बाईमाणसाले?" तो हसला. "संध्याकाळच्या गाडीले गरम भजे खपवून दाखवा. मंग पाहू."

मी सगळं आधी मांडलं. बेसन चाळलेलं, कांदा चिरलेला, पळसाची पानं पुसलेली, मिरच्या वेगळ्या. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटल्याची घंटा झाली की घाणा सोडायचा, हा माझा हिशेब. घंटा झाली. ठेकेदार बाकड्यावर येऊन बसला. मी सगळं पीठ संपवून भजे तळून काढले. आणि गाडी सिग्नलच्या पलीकडे उभी राहिली.

"बाई, गाडी झोपली," हमाल ओरडला. "भजे बी झोपून राह्यले पाहा!"

भजे खरंच मऊ पडले होते. पीठ उरलं नव्हतं. तेवढ्यात सिग्नल पडला, गाडी हलली. काय सुचलं कोण जाणे, मी सगळे भजे परत कढईत लोटले. गाडी फलाटाला लागली तेव्हा ते पहिल्यापेक्षा कुरकुरीत होते. खिडकीखिडकीतून हात आले. परातीत एकच भजा उरला.

ठेकेदारानं शेवटचा भजा खाल्ला. "हे कुठं शिकल्या तुमी?"

"आत्ता."

"लय झकास. उद्या माह्या साडभावाले शिकवा. दुकान त्याच्याकडं देऊन राह्यलो."

"आन् खोली?"

"खोली दुकानदाराचीच असते ना, बाई!"

दुसऱ्या दिवशी मी साडभावाला, म्हणजे ठेकेदाराच्या मेव्हणीच्या नवऱ्याला, शिकवलं. घंटा झाली की अर्धवट तळून काढायचे, सिग्नल पडला की परत सोडायचे. तो पटकन शिकला.

दुपारी दिराचा निरोप आला. पोरीला पाहायला रविवारी पाहुणे येणार होते, भजे करायला मी लागत होते.

मी साडभावाकडून बेसन मागून घेतलं आणि किन्हीराजाला निघाले.