आर्मास मास्तरांचा सहा

"चार मिळालेलं पोर रडतं, सहा मिळालेलं पोर गप्प बसतं."

आर्मास कोर्पेला मास्तर हे वाक्य एकदा हेलसिंकीत, हाकानिएमीच्या बाजारामागच्या एका मासिकाच्या कचेरीत बोलले. अंगातला ओला कोट त्यांनी काढला नव्हता. समोर मासिकात परीक्षणं लिहिणारा वेसा बसला होता. वेसाला वाटलं, म्हातारा आपल्यालाच बोलतोय. म्हणून त्याने मान खाली घातली.

आमच्या फिनलंडातल्या शाळांत गुण चारपासून दहापर्यंत. त्याखालचे आकडे मुलांच्या वाट्याला येतच नाहीत. चार म्हणजे नापास, सहा म्हणजे ढकलगाडी. मासिक संगणकावरच्या खेळांना शंभरपैकी गुण द्यायचं, पण देणारे आणि वाचणारे सगळे त्याच शाळांतून आलेले. त्यामुळे चाळिसाच्या खाली सहसा कुणी उतरायचं नाही, आणि बासष्ट आकडा दिसला की प्रत्येकाला आपल्या प्रगतिपुस्तकातला सहा आठवायचा.

त्या आकड्यांवरून वाचक भांडायचे, आणि कडाडून भांडायचे. क्वोपिओच्या एकाने एका अंतराळाच्या खेळाला एक्क्याण्णव का, त्र्याण्णव का नाही, म्हणून सात पानी पत्र धाडलं होतं. दुसऱ्याने आधीच्या तीन वर्षांचे आकडे मांडून मासिक मोटारींच्या खेळांवर दातओठ खातं असं सिद्ध केलं होतं. वेसाला ही पत्रं आवडत. परीक्षणातली अक्षरं कुणी वाचत नाही, खालचा आकड्याचा गोल तेवढा वाचतात, हे त्याला ठाऊक होतं. तो स्वतःही आता तसाच झाला होता. खेळ सुरू केल्यावर पाचव्या मिनिटाला त्याच्या डोक्यात एक आकडा येऊन बसे, आणि मग खेळ संपेपर्यंत तो हलत नसे. लहानपणी असं होत नसे. लहानपणी तो नुसता खेळत असे. ते कधी थांबलं हे आठवायचा प्रयत्न तो कधीकधी ट्राममध्ये करी.

'बर्फापार' हा खेळ त्याच्याकडे आदल्या शरदात आला होता. एकट्या माणसाने केलेला, एका फ्लॉपीवर मावणारा. पडद्यावर गोठलेलं तळं, पहाटेचा करडा अंधार, आणि पायात स्की चढवलेला एक मुलगा. त्याने पलीकडच्या काठावरच्या शाळेत पोचायचं. बर्फात स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवून वाट आखलेली, आणि वाटेत तीन खिंडी, म्हणजे तळं अरुंद होतं तिथल्या चिंचोळ्या जागा. संगीत नाही, शत्रू नाही, कोपऱ्यात गुणही नाहीत. स्कीची सरसर तेवढी ऐकू येते. वाट चुकली की बर्फ तडकतो, मुलगा बुडतो, आणि पुन्हा आपल्या अंगणात उभा राहतो.

वेसा अकरा वेळा बुडाला. मग गुरुवार उजाडला. दर गुरुवारी संपादक तुइया सगळ्यांना लांब टेबलाशी बसवून त्या महिन्याचे आकडे ठरवायची.

"अडुसष्ट?" ती म्हणाली. "अरे, त्या फुटबॉलला आपण अडुसष्ट दिलेत. त्यात बावीस माणसं धावतात. ह्यात एक पोरगं, आणि तेही घसरत घसरत जातंय."

"पण काहीतरी आहे त्यात."

"काय आहे?"

वेसाला सांगता येईना. तो कॉफीच्या कपाकडे बघत राहिला.

"सांगता येत नाही त्याचे सहा काढ," तुइया म्हणाली, आणि सगळे हसले. तोही हसला. बासष्ट झाले. त्याने परीक्षणात लिहिलं, 'वीस मिनिटं पांढऱ्या पडद्यावर काहीच घडत नाही.' शेवट आपण पाहिला नाही हे मात्र लिहिलं नाही.

महिन्याभराने मास्तरांचं पहिलं पत्र आलं. निळी शाई, वळणदार अक्षर, पट्टीने आखल्यासारख्या ओळी. परीक्षणातल्या तीन स्वल्पविरामांच्या चुका आधी दाखवल्या होत्या. मग लिहिलं होतं: 'हा खेळ करणारा इल्पो कोर्पेला माझा मुलगा आहे. म्हणून माझं मत आपण अर्ध्या किमतीचं धरावं. तरीही बासष्ट हा आकडा चूक आहे. तो दुरुस्त करावा.'

"स्वतःच्याच मताची किंमत अर्धी करणारा वाचक पहिल्यांदाच बघतेय," तुइया म्हणाली आणि पत्र वेसाच्या टेबलावर टाकलं. "तुझा आहे. सांभाळ."

वेसाने उत्तर दिलं नाही. दुसरं आलं, तिसरं आलं. चौथ्यानंतर, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, मास्तर स्वतः आले.

मास्तरांचं आयुष्य म्हणाल तर एका तळ्याच्या काठाला मावेल एवढं. साव्हो भागातल्या हौकिसाल्मी गावच्या शाळेत ते पंचावन्न साली आले. खाली एक वर्ग, वर शिक्षकाचं बिऱ्हाड. सहा इयत्ता, वीस-बावीस मुलं, त्यातली निम्मी तळ्यापलीकडची. हिवाळ्यात ती स्कीवरून बर्फ ओलांडून यायची, आणि पहाटे सातला मास्तर कंदील घेऊन काठावर उभे राहायचे. एकेक मूल पोचलं की कंदील त्याच्या तोंडाजवळ न्यायचा आणि नाव घ्यायचं. "सिर्का, आलीस." "पेन्ती, आलास." सगळी पोचल्याशिवाय दार उघडायचं नाही. चोवीस हिवाळे हा नेम चुकला नाही. बायको लेम्पी आजारात गेली, तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही चुकला नाही. गावात अजून ही गोष्ट सांगतात, कौतुकाने. तेव्हा इल्पो नऊ वर्षांचा होता.

इल्पो बापाच्याच वर्गात शिकला. दुसरी शाळा होतीच कुठे? गणितात त्याचं डोकं असं चाले की पायऱ्या न लिहिताच उत्तर मांडून मोकळा होई. सहावीच्या शेवटच्या प्रगतिपुस्तकात मास्तरांनी त्याला गणितात सहा दिला. आठाचा मुलगा होता, नवाचाही असेल. पण मास्तरांचा पोरगा म्हणून गुण मिळाले असं गावात कुणी म्हणायला नको, आणि पायऱ्या तर खरंच नव्हत्या. इल्पोने प्रगतिपुस्तक पाहिलं, घडी केली, खिशात घातलं. एक शब्द बोलला नाही. त्याच वसंतात मुलं कमी म्हणून शाळा बंद झाली. सोळाव्या वर्षी तो घराबाहेर पडला. तेव्हापासून दर नाताळला एक कार्ड येतं. त्यावर छापील शुभेच्छा, खाली नुसतं नाव.

मास्तर त्याच इमारतीत भाडेकरू म्हणून राहिले. मुलाने खेळ केलाय हे त्यांना मुलाने सांगितलं नाही. गावात पंधरवड्याला ग्रंथालयाची बस येते. ती आता सिर्का चालवते, तीच पलीकडच्या काठावरची सिर्का. तिने मासिक उघडून दाखवलं. "मास्तर, हा आपला इल्पोच ना?" मास्तरांनी आधी नाव वाचलं, मग आकडा. पंधरा दिवसांत खेळाच्या फ्लॉपीसकट जुना संगणक घरात आला, वर्गातल्या फळ्याखाली मांडला गेला. सहासष्टाव्या वर्षी, उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली असताना, मास्तर रोज सकाळी मुलाच्या तळ्यावर स्की करू लागले. दुसऱ्या खिंडीपुढे त्यांना कधी जाता आलं नाही.

"छापलेला आकडा आम्ही बदलत नाही," तुइया त्यांना सांगत होती. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "एक बदलला की उद्या हजार जण दारात. तुम्ही शिक्षक होता, तुम्हाला हे सांगायला नको."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मीही कधी बदलला नाही. म्हणून तर आलो."

तेव्हाच त्यांनी ते चार आणि सहाचं वाक्य उच्चारलं. वेसाने मान खाली घातली. मास्तर त्याच्याकडे वळले.

"तिसरी खिंड ओलांडलीस तू?"

"पुरेसं पाहिलं होतं मी."

"पुस्तक न वाचलेली पोरं मला हेच सांगायची. 'पुरेसं वाचलं, मास्तर.' किती वेळा बुडालास?"

"अकरा."

"मी दोनशे चौदा." त्यांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला. "तुला बोटं आहेत, मला वाट ठाऊक आहे. लाव ते यंत्र."

तुइयाने खांदे उडवले, वेलदोड्याच्या पावाची बशी आणि कॉफी त्यांच्यामध्ये ठेवली आणि आपल्या खोलीत गेली. वेसाने कपाटातून फ्लॉपी शोधून काढली. पडदा पांढरा झाला. मुलगा अंगणात उभा होता.

"निघ. फांद्या डाव्या हाताला ठेव. हळू, हळू! शर्यत आहे का?"

पहिल्या बेटापाशी वाऱ्याने एक फांदी आडवी पडली होती. वेसा तिच्यावरून पुढे गेला.

"थांब. माघारी फिर. उभी कर ती."

"उभी करता येते?"

"वाकायची कळ आहे ना? मग दाब."

पडद्यावरचा मुलगा वाकला. फांदी उभी राहिली. बाकी काही झालं नाही.

"ह्याचे गुण मिळतात?" वेसाने विचारलं.

"कसले गुण? पडलेली दिसली की उभी करून पुढे जायचं. मागून कुणी येत असतं."

"पण खेळात मागून कुणीच येत नाहीये, मास्तर."

"तुला काय ठाऊक?"

मग वेसा एकेक फांदी उभी करत गेला. पहिली खिंड गेली. दुसऱ्या खिंडीत बर्फ काळा पडला. मास्तर टेबलाची कड धरून बसले होते. "इथे खालून पाणी धावतं. काठाजवळून घे. आता झटकन! शाबास रे पोरा." बाहेर बाजारातली मासळीवाली माणसं गाडे आवरत होती. वेसाची कॉफी तशीच निवली. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की आज डोक्यात आकडा आलेला नाही. तो कुठे गेला हे बघायलाही त्याला भीती वाटली.

"इल्पो रोज ह्याच वाटेने शाळेत यायचा?" त्याने सहज विचारलं.

"नाही."

"मग?"

"आम्ही शाळेच्या वरच राहायचो. त्याला वर्गात यायला तेरा पायऱ्या." मास्तरांची नजर पडद्यावरच होती. "तळं त्याने कधी ओलांडलंच नाही. पहाटे तो वरच्या खिडकीत असायचा. मी काठावर, त्याच्याकडे पाठ करून. मला मुलं मोजायची असायची."

"मग त्याने हे सगळं..." वेसा बोलायचा थांबला. तिसरी खिंड आली होती.

इथेच तो अकरा वेळा बुडाला होता. इथे फांद्या संपत होत्या आणि समोर नुसता करडा अंधार. पण ह्या वेळी मागे सगळी वाट उभी होती. वेसाने कळ धरून ठेवली. बर्फ एकदा कण्हला, पण तडकला नाही. मग समोर, फार लांब, एक पिवळा ठिपका दिसला.

"दिवा आहे," वेसा म्हणाला. "मास्तर, दिवा!"

दोन बोटं आखडलेला मास्तरांचा हात टेबलाच्या कडेवर तसाच होता.

ठिपका मोठा झाला. काठ दिसू लागला. काठावर लांब कोट आणि कानटोपी घातलेला एक माणूस, हातात कंदील. त्याची पाठ शाळेकडे होती, तोंड तळ्याकडे. शाळेची वरची खिडकी अंधारी होती. मुलगा सरसरत त्याच्यापाशी येऊन थांबला. वेसाने कळा सोडल्या. आता त्याला काही करायचं नव्हतं. माणसाने कंदील सावकाश मुलाच्या तोंडाजवळ नेला. एवढ्या वेळात पहिल्यांदा मुलाचा चेहरा दिसला, आणि त्याखाली, आख्ख्या खेळात पहिल्यांदाच, अक्षरं उमटली.

'इल्पो, आलास.'

कंदील तसाच धरलेला राहिला. बाकी पडदा हलेना.

तुइया केव्हा दारात येऊन उभी राहिली ते वेसाला कळलं नव्हतं. तिच्या हातात छापायला जायच्या अंकाचं पत्रांचं पान होतं, आणि पेन्सिल.

"मास्तर," ती हळू म्हणाली, "आकडा नाही बदलता येणार. पण तुमचं पत्र छापते मी. खाली तुमचा गुण घालते, तुमच्या नावाने. किती घालू?"

मास्तर उठले. खुर्चीच्या पाठीवरचा कोट त्यांनी घेतला, पण बाही सापडायला वेळ लागला. वेसाने पुढे होऊन ती धरली. मास्तरांनी एकवार पडद्याकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली, कानांवरून खाली ओढली. तुइया पेन्सिल धरून उभी होती. तिच्या बाजूने वाट काढून त्यांनी दार उघडलं, आणि आकडा न सांगताच ते बाहेर पडले.