वाऱ्याच्या आडोशाची पंगत

फेलिक्स,

हल्ली तू लिफ्ट सोडून जिन्याने येतोस-जातोस. तुझी बायको इनेज सांगते, वजन उतरवायचंय. गुडघ्यांच्या नावाने वर्षभर रडणारा माणूस हौसेने तीन मजले चढत नाही. लिफ्टमध्ये आमच्या घरातलं कुणी भेटेल, ही तुला धास्ती. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला ‘माझा शेजारी’ लिहून हवाय, आणि माझा शेजारी तूच आहेस. तेव्हा लिहिते ते तुझ्या तोंडावरच. इराला विचारून लिहितेय. माझी सून ‘लिहा’ म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

तू वसईचा, गिरीजचा. केळीच्या वाडीत वाढलास. बर्फ पहिल्यांदा पाहिलास तो मासळीच्या टोपलीत आणि दुसऱ्यांदा दुबईच्या मॉलमध्ये, भाड्याचा कोट घालून, हे तूच हसत सांगायचास. मग तुला वेडच लागलं. जबल अलीच्या गोदामात तू सेफ्टी सुपरवायझर. दिवसभर फोर्कलिफ्टवाल्यांवर शिट्ट्या मारायच्या, आणि जानेवारी आला की आपल्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतली मराठी मंडळी गोळा करून जॉर्जियाला न्यायची, डोंगरात स्नोमोबाईल, बर्फावर पळणारी मोटरसायकल, चालवायला. तोरा असा, की तो डोंगर जणू तुमच्या वाडीचाच बांध.

शिकवायचास मात्र चांगलं. जायच्या आधी सगळ्यांना बिल्डिंगमागच्या वाळूत उभं करायचास. जॅकेटच्या आत बांधायचं ते बीकन नावाचं यंत्र डब्यात घालून वाळूत पुरायचास आणि शोधायला लावायचास. मी खुर्ची टाकून चहा पीत बघायची, म्हणून मलाही पाठ झालंय. बीकन सतत हाक देत असतं. बर्फाचा कडा कोसळून कुणी गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपापलं बीकन ‘शोध’वर टाकायचं. एकाचं जरी हाक देत राहिलं, तरी शोधणारा त्याच्याकडेच ओढला जातो. उतारावर एका वेळी एकच गाडी, बाकीच्यांनी लांब, सुरक्षित जागी थांबायचं. आणि मुख्य नियम: एकाने नको म्हटलं की सगळ्यांचं नको. कारण विचारायचं नाही. हे सांगताना बोट उगारायचास.

गेल्या जानेवारीत काय झालं ते तुला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही. रात्रभर वारा होता. सकाळी निघाल्यावर एक गाडी बंद पडली. तिथला वाटाड्या ती ओढून न्यायला खाली गेला आणि जाताना सांगून गेला, की मी येईपर्यंत या धारेवरच थांबा. धारेवर वारा बोचत होता. आपल्या लोकांची रीत अशी, की सगळे बसल्याशिवाय डबा उघडायचा नाही. त्या वाऱ्यात पंगत बसायची कशी? तू सगळ्यांना पलीकडच्या खोलगट जागेत नेलंस. छान आडोसा होता. रात्रभराच्या वाऱ्याने उडवलेला बर्फ त्याच आडोशाच्या उतारावर साचतो आणि तोच कोसळतो, हे वाळूत उभं राहून तूच शिकवलं होतंस.

इरा म्हणाली, “मला इथे नको.”

तू म्हणालास, “इरा मॅडम, तुम्ही तर एस्केलेटरवरही आधी देवाचं नाव घेता.”

सगळे हसले. माझा मुलगा सुजीतही हसला, तिचा नवरा असून. पुढे तू “यल्ला, चला, थालीपीठं काढा” म्हणालास आणि विषय खलास. इरा आपला डबा घेऊन वर धारेवर जाऊन उभी राहिली. रुसली, असं सगळ्यांनी ठरवलं.

मग टोळीतल्या कार्लला व्हिडिओसाठी उतारावर गाडीची एक चक्कर मारायची होती. त्याने तुला विचारलं. तुझ्या तोंडात घास होता. तू नुसता हात हलवलास. जा.

उतारावरचा बर्फ तुटला. कार्ल बाजूने निसटला, बाकीचे पळाले. सुजीत रिकामे डबे एकात एक घालत होता. तो बर्फाखाली गेला.

वर उभी होती म्हणून इराला दिसलं, त्याची टोपी कुठे शेवटची दिसली ते. त्या जागेवरून नजर न काढता ती खाली आली. तुम्ही सगळे त्याला हाका मारत सैरावैरा धावत होतात. तिने ओरडून बीकन ‘शोध’वर टाकायला सांगितलं, स्वतःचं टाकलं आणि त्याच्या पडद्यावरच्या बाणामागे निघाली. बाणाने तिला नेलं ते तुझ्याकडे, फेलिक्स. तुझं बीकन अजून हाकच देत होतं. तू हात लोंबते सोडून उभा होतास. तिने तुझ्या जॅकेटची चेन ओढली, तुझं यंत्र बंद केलं आणि पुन्हा टोपीच्या जागेपासून सुरुवात केली. सुजीतला उकरून काढलं तेव्हा ओठ निळे होते. श्वास होता. मांडी मोडली होती.

हेही एक वेळ पोटात घातलं असतं. भीतीने माणूस गोठतो. पण फेब्रुवारीत मंडळाने तुझा सत्कार ठेवला. अध्यक्ष चारुदत्त बोलले, फेलिक्सने प्रसंगावधान राखून सगळ्यांना जिवंत आणलं. तुझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. तू माईकसमोर उभा राहिलास, तोंड उघडलंस, ‘थँक यू’ म्हणालास आणि बसलास. दुसऱ्या रांगेत इरा टाळ्या वाजवत होती. तुझी मान त्या दिवशी जी खाली गेली ती अजून वर आलेली नाही.

आमच्या घरी तुझी तक्रार कुणी करत नाही, हेच तुला सोसत नाही, मला कळतं. पण तुझी लाज तू एकटाच बाळगून बसलास, तर ती कुणाच्या उपयोगाची? या जानेवारीत कार्लने स्वतःची टोळी जमवली, नवीन माणसं. त्यांना एवढंच माहीत, की तिथे कडा कोसळला तरी फेलिक्सची माणसं वाचतात. मी तुला फोन केला. म्हटलं, ते जायच्या आधी वाळूत ये आणि सांग, इराचं ‘नको’ तू हसण्यावारी नेलंस. शोधायला इराही शिकवेल. पण तिच्या ‘नको’ला तू हसलास, हे तिने कसं सांगायचं?

तू म्हणालास, “येतो, आंटी. सगळं सांगतो.” आणि म्हणालास, माणूस शेवटचा दिसला तिथे खुणेला रोवायला झेंड्या हव्यात. शनिवारी तुम्हाला बर दुबईला नेतो, मीना बाजारातून लाल कापड घेऊ. शेवटी “इन्शाल्ला” म्हणालास; इथे टाळायचं असलं की माणसं हेच म्हणतात, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

शनिवारी तू आलास. खाली तुझी गाडी उभी होती, मी खिडकीतून पाहिली. मी पिशवी घेतली. सुजीत म्हणाला, आई, मीही येतो, फेलिक्सला भेटून किती महिने झाले. आम्ही बिल्डिंगच्या दारातून बाहेर आलो, मी पुढे, तो काठी टेकत मागे. तू गाडीच्या आरशात आम्हाला पाहिलंस. गाडी हळूच निघाली आणि वळणावरून गेली. सुजीतने हात वर केला होता, तो तसाच राहिला.

कार्लची मंडळी काल गेली. इराने त्यांना वाळूत शिकवलं आणि जुनी ओढणी फाडून झेंड्या करून दिल्या. ओढणी पांढरट निळी आहे, बर्फात दिसेल की नाही कोण जाणे. मीना बाजारातलं लाल कापड आपण आणलंच नाही.