सिंगापूरला येणाऱ्या आईसाठी सूचना

रविवार, ७ डिसेंबर, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. दहिवलीच्या आमच्या घरात, हाताने उचलून धरायच्या वजनकाट्यावर आईची बॅग १८.६ किलो भरली. मर्यादा वीसची होती. आकडा फोनमध्ये नोंदवून मी उरलेल्या सूचनांकडे वळले.

मी सिंगापूरला संशोधन करते. खोपोलीच्या कारखान्यात पॅकिंगला जाऊन मला शिकवणारी आई पहिल्यांदाच माझ्याकडे येणार होती आणि मी तिला न्यायला आले होते. तिला कुठे अडखळावे लागू नये म्हणून महिनाभर मी फोनवर तिची तयारी करून घेत होते. मेट्रोत पाणीसुद्धा प्यायचे नाही. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहायचे. नळाचे पाणी उकळायची गरज नाही. सकाळी ऊन असले तरी छत्री बरोबर हवी. पाट्यांवर चार भाषा असतात. त्यांतली एकही येत नसली तरी मार्गाचा रंग पाहून गाडी बदलता येते. तिथे एकाच रस्त्यावर मशीद, तमिळ देऊळ आणि बुद्धविहार आहे, हे मीच कौतुकाने सांगितले होते.

म्हणूनच बॅगेत सगळ्यात वर पांढरी साडी होती. आदल्या दिवशी, सहा डिसेंबरला, नेसलेली. रात्रीच धुऊन, पहाटे हाताने दाबून घडी घातलेली.

"ही नको," मी म्हणाले. "चिनी लोक अंत्यविधीला पांढरं घालतात." यात अर्धे तथ्य होते, त्यामुळे आवाज स्थिर राहिला. आईने साडी बाहेर काढली.

उरलेले अर्धे असे : माझ्या इमारतीत तीन मराठी कुटुंबे राहतात. माझ्या आडनावावरून त्यांना काही कळत नाही, आणि मी कळू दिलेले नाही. लिफ्टमध्ये कोणी मराठी भेटले तर फक्त 'हॅलो' म्हणायचे, ही सूचना मी पहिल्याच आठवड्यात देऊन ठेवली होती.

तेवढ्यात शेजारची मावशी निरोप द्यायला आली.

"जय भीम, वयनी. निघाली का सवारी?"

"हॅलो," आई म्हणाली आणि स्वतःच हसली.

"इमानात बसायच्या आदीच मडम झालीस गं."

"सवय करते गं. तिकडं जय भीम नाय म्हणत."

मावशीने माझ्याकडे पाहिले. "कायदा हाय का गं तसा?"

प्रश्न सरळ होता. तिला खरेच माहिती हवी होती. उत्तर आईने दिले. "मेट्रोत पाणी नाय प्यायचं, तसंच हे."

मावशी गेल्यावर मी म्हणाले, "आई, तो तिथला नियम नाही. साडीचाही नाही."

"ठावं हाय," ती चेन लावत म्हणाली. "विहार हाय तिथं पांढरी साडी कशाला नडंल?"

"मग काढलीस कशाला?"

"तुला रोज ऱ्हायचं हाय तिथं. मी पंधरा दिवसांची पाव्हणी."

मी साडी उचलून बॅगेपाशी नेली. तिने ती माझ्या हातातून अलगद घेतली, कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतले. मग माझी पद्धत आठवून बॅग काट्याला अडकवून उचलली आणि आकडा माझ्यापुढे धरला.

१८.१.